अ‍ॅस्टर प्लेस स्टेशनच्या भिंतीवरची घूस (?)

सुलभा_निगडी
नमस्कार मंडळी. सध्या मुलाकडे न्यूयॉर्कला आलेय, तीन महिने मुक्काम. परवा सुनेबरोबर अ‍ॅस्टर प्लेस नावाच्या सबवे (इथली जमिनीखालची रेल्वे) स्टेशनवर उतरलो, गाडी गेली, गर्दी पांगली, मागे वळून बघते तर भिंतीवर चक्क घूस! म्हणजे उठावाची, मातीची भाजलेली, चौकोनी चौकटीत झाडाच्या खोडाला चिकटून बसलेली आणि खोड कुरतडतेय. बरं एक नाही, ठरावीक अंतराने ओळच आहे. सून म्हणाली आई तो बीव्हर आहे. नातू (वय ६) म्हणाला रॅट. मी नातवाच्या बाजूने, कारण दहाच मिनिटांपूर्वी आधीच्या स्टेशनात रुळांमधून एक खरी पळताना आम्ही दोघांनी बघितली होती.

तर प्रश्न असा की स्टेशनात हा प्राणी कशाला? कोणी आणि कधी बसवला? मुलगा म्हणतो गूगल कर. मी म्हटलं त्यापेक्षा आमचे लोक बरे, उत्तराबरोबर चार गोष्टी जास्तीच्या सांगतात. आणि बीव्हरला मराठीत काय म्हणायचं?

बटाटवडा
मी पयला!
सबवे वाचून आधी आमच्या उपनगरातला सबवे आठवला, पहिल्या पावसात तुंबतो तो. तिथल्या भिंतीवर घुशी स्वतः येऊन बसतात, कलाकार लागत नाही. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

चिंचगूळ
मला त्या नावाच्या दुकानातलं सँडविच आठवलं :ड

रेल्वेवेडा_कल्याण
सुलभाताई, सूनबाई बरोबर आहेत, तो बीव्हरच. जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

न्यूयॉर्कचा पहिला सबवे २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झाला. सिटी हॉलपासून निघून ग्रँड सेंट्रल, तिथून ४२ व्या रस्त्याने टाइम्स स्क्वेअर आणि मग ब्रॉडवेखालून वर १४५ व्या रस्त्यापर्यंत, अशी एकूण २८ स्टेशनं. अ‍ॅस्टर प्लेस त्यातलंच, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं. मुख्य इंजिनियर विल्यम बार्कले पार्सन्स. पैसा उभा केला ऑगस्ट बेलमाँट नावाच्या बँकरने. आणि स्टेशनांची सजावट हाइन्स आणि लाफार्ज या दोघा आर्किटेक्टांची.

बांधायची पद्धत एकदम आपल्या पाइपलाइनवाल्यांसारखी. रस्ता उकरा, खड्ड्यात लोखंडी खांब आणि तुळया उभ्या करा, वरून झाका आणि रस्ता परत करून द्या. त्यामुळे स्टेशन खोल नाही, एक जिना उतरलं की फलाट. म्हणून अ‍ॅस्टर प्लेसला छत एवढं बसकं आणि खांबांची एवढी गर्दी. आता जमिनीखाली जायला लोक घाबरायचे, कोंदट असेल, रोगट असेल असं वाटायचं, म्हणून भिंतींना पांढऱ्या चकचकीत टाइल्स, उजेड पसरतो आणि धुवायला सोप्या. त्या पांढऱ्यावर प्रत्येक ठिकाणी थोडं स्थानिक काहीतरी. कोलंबस सर्कलला कोलंबसाचं जहाज, फुल्टन स्ट्रीटला रॉबर्ट फुल्टनची वाफेची बोट आणि अ‍ॅस्टर प्लेसला बीव्हर. हे बीव्हर बोस्टनच्या ग्रूबी फेयॉन्स कंपनीने बनवले. फेयॉन्स म्हणजे चकाकी चढवून भाजलेलं मातीकाम.

बीव्हरच का, तर जॉन जेकब अ‍ॅस्टर. १७६३ मध्ये जर्मनीतल्या वॉलडॉर्फ गावात जन्मला, तरुणपणी अमेरिकेत आला आणि बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारावर गब्बर झाला. १८४८ ला मेला तेव्हा अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस होता. चौकाला त्याचं नाव, म्हणून खालच्या स्टेशनला त्याचा प्राणी.

जाता जाता, उद्घाटनाच्या दिवशीचा किस्सा. महापौर मॅक्लेलन यांच्या हातात गाडी चालवायची चांदीची मूठ दिली होती, फक्त सुरुवात करून द्यायची आणि मग खऱ्या ड्रायव्हरकडे सोपवायची. साहेब सोडेचनात! थेट १०३ व्या रस्त्यापर्यंत स्वतःच हाकत नेली.

बटाटवडा
महापौर जगात सगळीकडे सारखेच. फीत कापायला बोलवा, कात्री घेऊन जातात.

हिरवा_चाफा
मराठी नावाचं बोलायचं तर शब्दच नाही, कारण प्राणीच आपल्याकडे नाही. काही जुन्या शब्दकोशांतून आणि भाषांतरांतून उदमांजर वगैरे लिहून मोकळे होतात, ते चूक. उदमांजर वेगळं आणि पाणमांजर वेगळं, दोन्ही मांसाहारी गटातले. बीव्हर कुरतडणाऱ्यांपैकी, म्हणजे उंदीर, खार, साळिंदर यांच्या भाऊबंदातला. तेव्हा सुलभाताई, तुमचा नातू आणि तुम्ही शास्त्राला सोडून अजिबात बोलला नाहीत, लांबची का होईना नातलगच ती.

झाडं पाडून ओढ्याला बांध घालतो. आणि त्याची खरी किंमत आतल्या मऊ लोकरीची. त्या केसांना बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकून इतकं घट्ट नमदं (दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड) होतं की पावसात टोपी भिजून गळत नाही. युरोपात अशा टोप्यांची फॅशन होती. एका खंडातल्या टोप्यांपायी दुसऱ्या खंडातल्या नद्याच्या नद्या ओस पडल्या.

पुणेरी_टोमणा
म्हणजे ज्याला मारून मारून पैसा केला त्याचंच चित्र भिंतीवर. आमच्याकडे सोसायट्यांना पाडलेल्या झाडांची नावं देतात, आम्रवन, बकुळबन, त्यातलाच प्रकार.

चिंचगूळ
+१००० टोमणा :ड मी 'आमराई'त राहते. एकही आंबा नाही.

कोपरखळी
रेल्वेवेडा, माहिती छान पण अ‍ॅस्टरचं वर्णन फार गोड झालंय. कातडी हा व्यापार होता तसा चीनमध्ये अफू विकायचाही उद्योग त्याने केला. मूळ रहिवाशांबरोबरच्या व्यवहारात त्याच्या कंपनीची माणसं दारू वापरायची. आणि खरी मोठी कमाई मॅनहॅटनच्या जमिनीत. १८३४ च्या सुमारास रेशमी टोप्या आल्या, बीव्हर घसरणार हे ओळखून गडी कातड्यातून बाहेर पडला आणि जमिनी घेत सुटला, भाडी खाल्ली. त्यामुळे भिंतीवर बीव्हरऐवजी भाडेकरू खोडाला धरून बसलेला दाखवला असता तर जास्त खरं झालं असतं.

(त्याचा पणतू टायटॅनिकवर गेला. तोही जॉन जेकब अ‍ॅस्टरच, चौथा.)

रेल्वेवेडा_कल्याण
मान्य, अफूचं मी गाळलं. विसरलो नव्हतो, स्टेशनावर राहायचं होतं. पण त्याच्याच पैशातून फुकट वाचनालयही निघालं, अ‍ॅस्टर लायब्ररी, ते पुढे १८९५ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत विलीन झालं. इमारत अजून लाफायेत स्ट्रीटवर उभी आहे, आत आता नाट्यगृहं आहेत.

कोपरखळी
मरताना वाचनालय काढलं की सगळं माफ हा नियम मुंबईतही चालतो म्हणा. अफूच्या पैशाचं दान आपल्याकडे कमी आहे का. हे माझं शेवटचं पोस्ट नाही, अजून येईन.

अभ्यासू_गणू
एक गोष्ट राहिली. ही चित्रं शोभेसाठी नव्हती. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये युरोपातून आलेल्या गरीब लोकांचा पूर होता, अनेकांना इंग्रजी वाचता येत नसे. त्यांना कळावं की आपलं स्टेशन आलं म्हणून प्राणी आणि जहाजं. 'बीव्हर दिसला की उतर' असं.

नेने_जर्सीसिटी
गणू, हे इथे टूर गाइडसुद्धा सांगतात पण मला पटत नाही. पुष्कळ स्टेशनांना चित्रच नाही, नुसता आकडा किंवा नुसतं नाव. ब्लीकर स्ट्रीट, पुढचंच स्टेशन, तिथे निळ्या पाटीवर अक्षरं. ३३ व्या रस्त्याला गरुड आहे आणि १४ व्या रस्त्यालाही गरुड. निरक्षर माणूस गरुड बघून उतरला तर नक्की कुठे पोचेल? ओळख पटावी हा हेतू होता, एकसारख्या स्टेशनांत वेगळेपण हवं होतं, इतपत ठीक. निरक्षरांसाठी म्हणणं ही नंतर चिकटलेली गोष्ट वाटते.

अभ्यासू_गणू
आपल्याकडे निवडणूक चिन्हं त्याच कारणाने आली की. कल्पना अशक्य नाही.

नेने_जर्सीसिटी
निवडणुकीत दोन उमेदवारांना एकच चिन्ह मिळत नाही गणूशेठ :)

अभ्यासू_गणू
हम्म. हा मुद्दा बिनतोड. गरुडाचं मला माहीत नव्हतं. माघार घेतो, पण अर्धीच. वाचता येणाऱ्यालाही गर्दीत, धावत्या गाडीच्या खिडकीतून, पाटीपेक्षा चित्र आधी दिसतं.

नेने_जर्सीसिटी
अर्ध्यावर तोड मंजूर.

आता सुलभाताईंना कामाचं. मी चौदा वर्षं त्याच भागात नोकरी करतोय, दिवसातून दोनदा हे बीव्हर बघतो, म्हणजे खरंतर बघतच नव्हतो, तुमच्या धाग्यामुळे काल पहिल्यांदा थांबून बघितले. तर परत जाल तेव्हा या गोष्टी बघा.

डाउनटाउनच्या (दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीच्या) फलाटावर एक बुजवलेलं दार आहे आणि त्याच्यावर क्लिंटन हॉल असं कोरलंय. शेजारच्या इमारतीत थेट जायचं दार होतं ते, तिथे मर्कंटाइल लायब्ररी होती. आणि त्या इमारतीच्या जागी आधी अ‍ॅस्टर प्लेस ऑपेरा हाउस होतं. १० मे १८४९ ला तिथे मॅकबेथचा प्रयोग सुरू असताना दंगल झाली. मॅक्रेडी हा इंग्लिश नट आणि फॉरेस्ट हा अमेरिकन नट, दोघांत श्रेष्ठ कोण यावरून! अर्थात आतून वाद साहेबी थाटाचे श्रीमंत विरुद्ध गरीब असाच होता. सैन्याने गोळ्या झाडल्या, कमीत कमी बावीस माणसं मेली. आता तिथे खाली लोक शांतपणे फोन बघत उभे असतात.

दुसरं, भिंतीवर रंगीत भौमितिक आकारांचे मोठे पत्रे दिसतील, एनॅमलचे. ते जुने नाहीत, १९८६ चे, मिल्टन ग्लेझर यांचे. आय लव्ह न्यूयॉर्कवाला तो लाल बदाम ज्यांचा, तेच. ते शिकले होते स्टेशनच्या डोक्यावरच्याच कूपर युनियन कॉलेजात. मला ते पत्रे अनेक वर्षं नंतर कुणीतरी उरलेल्या रंगात उरकल्यासारखे वाटायचे. मग कुणीतरी सांगितलं की जुन्या मातीकामातल्याच नक्षीचे तुकडे मोठे करून, विस्कटून, कोड्यासारखे मांडलेत. त्या नजरेने बघितल्यावर गंमत कळली. आवडले का, तर अजूनही बीव्हरच जास्त आवडतो.

तिसरं, बाहेर पडताना ओतीव लोखंडाची आणि काचेची छत्री असलेला जिना. असे सुरुवातीला सगळीकडे होते, बुडापेस्टच्या मेट्रोवरून कल्पना उचललेली (तिथली १८९६ ची). नंतर गाड्या वाढल्या, कोपऱ्यावर ड्रायव्हरला पलीकडचं दिसेना, म्हणून सगळे काढून टाकले. हा १९८६ च्या डागडुजीत नव्याने बनवलेला आहे, नक्कल आहे पण झकास आहे.

आणि हो, आत जाण्याआधी अपटाउन (उत्तरेकडे) की डाउनटाउन ते पाटीवर नीट वाचा. दोन्ही फलाट आतून जोडलेले नाहीत. चुकलात तर वर या, रस्ता ओलांडा आणि परत पैसे. मी चौदा वर्षांत किती वेळा भरलेत ते बायकोला माहीत नाही.

चिंचगूळ
नेनेवहिनी, तुम्हीही इथे वाचताय ना? ;)

बटाटवडा
नट श्रेष्ठ कोण यावरून दंगल? आमच्याकडे दोन नटसम्राट आवडणारे एका टेबलावर बसले तरी वेटर लांब उभा राहतो.

ठिपक्यांची_रांगोळी
सुलभाकाकू, वर आलात की तो काळा क्यूब बघितला का एका टोकावर उभा असलेला? तो फिरतो! दोघातिघांनी खांदा लावून ढकलायचा. टोनी रोझेंथलचा आहे, १९६७ चा, थोड्या दिवसांसाठी ठेवला होता पण लोकांनी नेऊ दिला नाही. मी शिकायला होते तेव्हा परीक्षा संपली की आम्ही जाऊन फिरवायचो. मध्यंतरी फिरायचा थांबला होता, २०२३ मध्ये दुरुस्त करून परत आणला. नातवाला न्याच.

आणि कूपर युनियनची जुनी इमारत. पीटर कूपरने १८५० च्या दशकात बांधताना लिफ्टसाठी गोल खड्डा ठेवून दिला होता, तेव्हा माणसांची सुरक्षित लिफ्ट अजून यायची होती! येणारच म्हणून आधीच जागा सोडली. आमचा बिल्डर लिफ्ट असताना जागा सोडत नाही.

निळी_पहाट
धागा वाचतेय, मजा येतेय. एक जोड देते.

त्याच २८ स्टेशनांतलं एक म्हणजे ११६ वा रस्ता, कोलंबिया युनिव्हर्सिटी. तेही २७ ऑक्टोबर १९०४ चंच, आर्किटेक्ट तेच हाइन्स आणि लाफार्ज. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये कोलंबियात शिकायला आले तेव्हा हे स्टेशन जेमतेम नऊ वर्षांचं होतं. ते सबवेने कुठे गेले, किती वेळा गेले याची नोंद माझ्या वाचनात नाही, त्यामुळे छातीठोकपणे काही म्हणत नाही. पण विद्यापीठाच्या दारातच स्टेशन, तिकीट पाच सेंट (ते १९४८ पर्यंत पाचच सेंट राहिलं), आणि पुस्तकांसाठी शहरभर हिंडणारा विद्यार्थी. अंदाज ज्याने त्याने करावा.

मी गेल्या वर्षी गेले होते. लेहमन लायब्ररीत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, तो बघून झाला आणि परत येताना फलाटावर उभी राहिले. भिंतीवर मोझेकमध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटी लिहिलंय. जुनं आहे ते. गाडी दोन मिनिटांत आली पण मी सोडली, पुढचीही सोडली. बरोबरच्या मैत्रिणीने काही विचारलं नाही.

सुलभा_निगडी
निळी पहाट, आता तिथे जायचंच. यजमान असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी तिथे नेलं असतं.

रेल्वेवेडा_कल्याण
निळी पहाट, फार छान. या माहितीत भर: १९७९ मध्ये शहराने पहिल्या सबवेच्या बारा स्टेशनांची अंतर्गत सजावट संरक्षित म्हणून जाहीर केली, त्यात ११६ आणि अ‍ॅस्टर प्लेस दोन्ही आहेत. म्हणजे आता कोणी बीव्हर उखडून त्या जागी ग्रॅनाइट लावू शकत नाही.

पुणेरी_टोमणा
आता आपल्या मेट्रोवर या की कोणीतरी. पुण्यात डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनांना मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला. लांबून बरं दिसतं. पण माझं म्हणणं वेगळंच आहे. आकार पुलावरून दिसतो, फलाटावर उभ्या माणसाला काय दिसतं? जाहिरात.

कोपरखळी
आलो परत. टोमणा, जाहिरातींचं दुखणं १९०४ चंच आहे. सबवे उघडतो न उघडतो तोच त्या नव्या कोऱ्या टाइल्सवर जाहिरातींच्या पत्र्याच्या चौकटी ठोकायला सुरुवात झाली, साबण, दारू, काय वाटेल ते. कलाप्रेमी मंडळींनी बोंब ठोकली, वर्तमानपत्रं तापली. उपयोग शून्य, सबवे चालवणाऱ्या कंपनीला करारानेच हक्क होता. म्हणजे बीव्हरच्या शेजारी पहिल्या वर्षापासून साबण आहेच.

हिरवा_चाफा
आपल्याकडे प्राणी नाहीत असं नका म्हणू. सीएसएमटीला जाऊन एकदा मान वर करून बघा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची इमारत, कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात, आणि दगडात माकडं, मोर, खारी, काय नाही! फाटकावर सिंह आणि वाघ. रोज लाखो लोक खालून धावतात. नेने चौदा वर्षं म्हणाले, मी तर एकवीस वर्षं सीएसएमटीवरून अप डाउन केलं आणि पहिलं माकड मला दिसलं ते पावसात गाड्या बंद पडून चार तास अडकले तेव्हा.

चिंचगूळ
तर मग सगळ्यांनी सांगा, आपापल्या स्टेशनावर कुठला प्राणी हवा. मी सुरू करते. आमच्या डोंबिवलीला मुंगी. इंचभर जागेत शंभर, आणि सगळ्या शिस्तीत.

बटाटवडा
दादरला कबुतर. कितीही हाकला.

पुणेरी_टोमणा
स्वारगेटला कासव, ट्रॅफिकच्या स्मरणार्थ. मेट्रो खाली, कासव वर.

ठिपक्यांची_रांगोळी
नागपूरला वाघ ठेवतील, पण मी संत्र्याच्या फोडीवर बसलेली माशी ठेवीन. मी नागपूरचीच आहे, मला हक्क आहे.

अभ्यासू_गणू
थट्टा पुरे, पण कोलकात्यात हे झालंय. देशातली पहिली मेट्रो, १९८४. रबींद्र सदन स्टेशनच्या भिंतींवर टागोरांच्या हस्तलिखितातली चित्रं आणि खाडाखोडीची नक्षी लावलीय. कवितेत खोडलेल्या ओळींतून ते पक्षी-प्राणी काढायचे. गाडी यायची वाट बघत लोक कवीची खाडाखोड बघतात, मला ही कल्पना बीव्हरपेक्षा सरस वाटते.

पुणेरी_टोमणा
हे मात्र आवडलं. तुम्हाला टोमणा मारायला जागाच ठेवली नाहीत.

नेने_जर्सीसिटी
सुलभाताई, अजून दोन फुकटातल्या गोष्टी. तुमची ती ६ नंबरची गाडी ब्रुकलिन ब्रिजला संपते. तिथे न उतरता बसून राहिलात तर ती वळून परत यायला जुन्या सिटी हॉल स्टेशनातून जाते. गुआस्ताविनो पद्धतीच्या (पातळ टाइल्स थरावर थर चिकटवून केलेल्या) कमानी, झुंबरं, रंगीत काचा, पहिल्या मार्गाचा मानाचा गणपतीच म्हणा. पण फलाट इतका वाकडा की नव्या डब्यांच्या मधल्या दारांशी फट पडायची, आणि प्रवासी कमी, म्हणून १९४५ च्या शेवटच्या दिवशी बंद केलं. गाडीतून अंधुक दिसतं, उजव्या बाजूच्या खिडकीला नाक लावा. दुसरं, १४ आणि २३ च्या मध्ये १८ व्या रस्त्याचं स्टेशन आहे, १९४८ मध्ये बंद झालेलं. शेजारच्या दोन स्टेशनांचे फलाट लांबवल्यावर याची गरजच उरली नाही. क्षणभर रंगवलेल्या भिंती चमकून जातात.

हिरवा_चाफा
एक गंमत राहिली सांगायची. न्यूयॉर्क शहराच्या अधिकृत शिक्क्यावरही बीव्हर आहे, एक सोडून दोन. आणि खरा बीव्हर शहरातून दोनेकशे वर्षं गायब होता, तो २००७ मध्ये ब्राँक्स नदीत दिसला. कोणी आणून सोडलेला नाही, आपला आपण पोहत आला. लोकांनी त्याचं नाव होझे ठेवलं.

बटाटवडा
एवढ्या वर्षांनी परत आला आणि भाडं विचारून पुन्हा गेला असेल.

सुलभा_निगडी
काल परत गेलो, मी आणि नातू दोघंच, सुनेला मुद्दाम नेलं नाही. आधी चुकीच्या बाजूने आत शिरलो. नेनेभाऊ, हसू नका. पैसे गेले.

क्लिंटन हॉलचं दार सापडलं. मी नातवाला म्हटलं इथे आत पुस्तकं होती, तर म्हणाला मग बंद का केलं, काय सांगणार. ग्लेझरचे पत्रे त्याला बीव्हरपेक्षा आवडले, त्यात त्याला रोबो दिसला. मग एका बीव्हरला मी हळूच हात लावून बघितला. कडेला एक टवका उडालाय, बाकी इतका गुळगुळीत आणि थंड, आमच्या जुन्या घरच्या लोणच्याच्या बरणीसारखा. शेजारी एक बाई उभी होती, पर्स घट्ट धरून, तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि मग ती पण जवळ येऊन बघायला लागली.

क्यूब फिरवला. माझा जोर पुरेना, दोन कॉलेजच्या मुलांनी मदत केली.

हिरवा चाफा यांचं सगळं नातवाला समजावून सांगितलं, लोकर, टोप्या, बांध, होझे. अगदी मन लावून ऐकलं त्याने. घरी आल्यावर आईला सांगत होता, आज आजीने मला खूप मोठी रॅट दाखवली.

सिटी हॉल पुढच्या आठवड्यात. उजवी खिडकी म्हणजे गाडी जाते त्या दिशेला तोंड करून उजवी ना?

नेने_जर्सीसिटी
हो, तीच.